क्रिकलवूडच्या गाड्या आणि त्यांचे प्रतिस्पर्धी

जुन्या मोटारींच्या रसिकमंडळीत एक वाद गेली नव्वदहून अधिक वर्षे चालत आला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात लंडनच्या क्रिकलवूड भागातील कारखान्यातून ज्या बेंटली गाड्या बाहेर पडल्या, त्यांत श्रेष्ठ कोणती, आणि त्यांच्यासमोर ठाकलेल्या जर्मन मर्सिडीझ व फ्रेंच बुगाती यांच्या तुलनेत त्यांची योग्यता किती, हा तो वाद होय. एक पक्ष ‘ब्लोअर’ या सुपरचार्जर जोडलेल्या गाडीचा कट्टर अभिमानी आहे. दुसरा ‘स्पीड सिक्स’ या सहा सिलिंडरांच्या भारदस्त गाडीचा. आणि तिसरा पक्ष, जो मनाने बुगातीचा आहे, तो या दोन्ही गाड्यांना वजनाच्या आरोपाखाली एकदमच दोषी ठरवून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच सांगून टाकणे बरे: जी गाडी क्षणभर सर्वांच्या पुढे धावते तिच्यापेक्षा, जी रात्रभर पूर्ण वेगात धावूनही सकाळी तितक्याच निश्चिंतपणे धावत असते ती गाडी श्रेष्ठ, आणि या कसोटीवर त्या काळी ‘स्पीड सिक्स’च्या बरोबरीने उभी राहील अशी दुसरी गाडी नव्हती. हे मत केवळ आवडीनिवडीतून आलेले नाही. या कारखान्याच्या इतिहासातूनच ते निष्पन्न होते.

या कारखान्याचे संस्थापक वॉल्टर ओवेन बेंटली. स्नेही आणि नोकर या सर्वांना ते ‘डब्ल्यू. ओ.’ या आद्याक्षरांनीच परिचित होते. त्यांची उमेदवारी झाली ती मोटारींच्या नव्हे, तर डॉनकॅस्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या इंजिनांच्या कारखान्यात, आणि अवजड यंत्राने संथ पण अखंड काम करीत राहावे हा जो संस्कार तेथे त्यांच्या मनावर झाला तो आयुष्यभर पुसला गेला नाही. पुढे भावाबरोबर त्यांनी डी. एफ. पी. या फ्रेंच गाड्यांची विक्री सुरू केली. त्या व्यवहारानिमित्त १९१३ साली फ्रान्समधील कारखान्यात गेले असता मेजावर कागद दाबण्यासाठी ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटासा दट्ट्या त्यांच्या दृष्टीस पडला, आणि हाच हलका धातू इंजिनातील खऱ्या दट्ट्यांसाठी का वापरू नये, हा विचार त्यांच्या मनात आला. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने वितळेल, अशी त्या काळच्या जाणत्या इंजिनिअरांची धारणा होती. बेंटलींनी योग्य मिश्रधातू घेऊन तो प्रयोग डी. एफ. पी. गाडीत यशस्वी करून दाखवला, आणि महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश आरमाराने हे ज्ञान आपल्या विमानांसाठी कामी लावले. ‘बी. आर. १’ आणि ‘बी. आर. २’ ही विमानाची इंजिने त्यांच्याच आराखड्यावरून बनली. ज्या इंजिनाच्या बंद न पडण्यावर वैमानिकाचा प्राण अवलंबून असतो त्या इंजिनाचा विचार करता करता जो मनुष्य घडला, त्याने नंतर मोटारींतही टिकाऊपणालाच अग्रपूजेचा मान दिला, यात नवल नाही.

१९१९ साली बेंटली मोटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९२१ साली पहिली तीन लिटरची गाडी ग्राहकाच्या हाती पडली. या इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा, पण त्यातील दट्ट्याची फेरी मात्र १४९ मिलिमीटरांची. म्हणजे अरुंद आणि खोल. ही रचना केवळ अभिरुचीची बाब नव्हती. त्या वेळी ब्रिटनच्या सरकारी खजिन्यात मोटारींवरील जो वार्षिक कर भरावा लागे, तो ‘अश्वशक्ती’च्या एका कागदोपत्री सूत्राप्रमाणे आकारला जाई, आणि त्या सूत्रात सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास एवढ्याच गोष्टी धरलेल्या असत, दट्ट्याच्या फेरीच्या लांबीचा त्यात नामनिर्देशही नसे. दर अश्वशक्तीमागे १ पौंड या दराने तीन लिटरच्या या बलाढ्य गाडीवर अवघ्या सोळा अश्वशक्तींचा कर बसे! इंग्रजी इंजिने उंच, सडपातळ आणि मंद गतीने मोठा जोर लावणारी का झाली, याचे एक प्रमुख कारण या महसुली दप्तरात सापडते. बाकीची रचना मात्र निखळ बेंटलींची: दर सिलिंडरास चार झडपा, दोन ठिणगी-प्लग, माथ्यावर कॅमदांडा, आणि सिलिंडरांचा माथा व धड एकाच ओतकामाचे, जेणेकरून मधल्या सांध्यातून गळतीचा प्रश्नच उद्भवू नये. अशा चासीवर कंपनी पाच वर्षांची हमी देत असे. एवढी हमी देणारा कारखानदार ज्या रीतीने वागेल त्या रीतीने बेंटली वागत: प्रत्येक भाग गरजेहून थोडा अधिक जाड, थोडा अधिक वजनदार.

फ्रान्समधील ल मान गावाच्या भोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवर १९२३ साली चोवीस तासांची शर्यत प्रथमच भरली, तेव्हा ती कल्पना बेंटलींना निव्वळ वेडेपणाची वाटली होती. गाड्या एवढा वेळ अशा रीतीने राबवण्यासाठी बनलेल्या नसतात, असे त्यांचे म्हणणे. जॉन डफ नावाच्या एका उत्साही गृहस्थाने आपली खासगी तीन लिटर गाडी तेथे नेली, आणि कंपनीचा चाचणी-चालक फ्रँक क्लेमंट जोडीस गेला. या गाडीला पुढच्या चाकांचे ब्रेक नव्हते. रस्त्यावरच्या दगडाने तिचा एक दिवा फुटला, आणखी एका दगडाने पेट्रोलच्या टाकीला भोक पडले. गाडी वाटेतच थांबली, डफ पायी धावत तळावर आला, आणि क्लेमंट एका शिपायाची सायकल मागून घेऊन, पेट्रोलचे डबे खांद्याला अडकवून गाडीपर्यंत गेला, भोक बुजवले, सायकल गाडीच्या मागच्या भागात टाकली आणि गाडी घेऊन परतला. एवढे सारे होऊनही गाडी चौथी आली. शेवटच्या क्षणी तेथे येऊन पोहोचलेल्या बेंटलींचे मतपरिवर्तन त्या एका रात्रीत झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२४ साली, याच जोडीने शर्यत जिंकली.

१९२५ आणि १९२६ ही वर्षे अपयशाची गेली. त्यांतील १९२५चे अपयश मोठे बोधप्रद होते: नियमाप्रमाणे पहिल्या काही फेऱ्या कापडी टप चढवून कराव्या लागत आणि ठरावीक फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय पेट्रोल भरण्याची मुभा नसे, चढवलेल्या टपाला वाऱ्याचा जो विरोध झाला त्यामुळे गाडीने हिशेबापेक्षा अधिक पेट्रोल खाल्ले आणि ती रस्त्यातच कोरडी पडली. वेग हा एकट्या इंजिनाचा गुण नसून साऱ्या व्यवस्थेचा गुण आहे, हा धडा कारखान्याने तेथे गिरवला, आणि पुढील वर्षांत त्यांच्या तळावरची शिस्त, फेऱ्यांचे वेळापत्रक व चालकांना दाखवायच्या खुणा यांची प्रतिस्पर्ध्यांनीही दखल घेतली.

१९२७ सालची हकीकत मात्र थोडी थांबून सांगितली पाहिजे, कारण क्रिकलवूडच्या साऱ्या ब्रीदाचे दर्शन तीत घडते. तीन बेंटली पुढे होत्या. अंधार पडू लागला असता ‘व्हाइट हाउस’ नावाच्या वळणावर आडव्या आलेल्या एका फ्रेंच गाडीला चुकवताना नवी साडेचार लिटर बेंटली रस्ता सोडून गेली. मागून आलेली दुसरी बेंटली त्या ढिगाऱ्यावर आदळली. आणि तिसरी, सात क्रमांकाची तीन लिटर, सॅमी डेव्हिस चालवीत होता. रस्त्यावर विखुरलेली माती आणि लाकडाच्या ढलप्या दिव्यांच्या उजेडात दिसताच त्याने वेग कमी केला, म्हणून टक्कर टळली नाही तरी तिचा जोर मंदावला. स्वतःच्या साथीदारांपैकी कोणास गंभीर इजा नाही याची खात्री करून घेऊन त्याने ती मोडकी गाडी हळूहळू तळावर आणली. एक दिवा फुटलेला, पुढचा मडगार्ड चेमटलेला, पुढचा आस वाकलेला, चासीलाही मुरड पडलेली. नियमानुसार दुरुस्ती चालकानेच, गाडीतल्या हत्यारांनीच करायची. डेव्हिसने पट्ट्यांनी आणि तारेने जमेल ते आवळले, आणि तो व त्याचा जोडीदार डॉ. बेंजाफील्ड, जो व्यवसायाने जंतुशास्त्रज्ञ होता, यांनी पाळीपाळीने ती एका डोळ्याची गाडी रात्रभर पावसात हाकली. आघाडीवरची फ्रेंच ‘आरिएस’ गाडी दुसऱ्या दिवशी उत्तरोत्तर थकत गेली आणि अखेर निकामी झाली. वाकलेली बेंटली पहिली आली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात पुढे विजयाची मेजवानी झाली तेव्हा ती गाडी, अंगावरच्या सर्व जखमांसह, भोजनगृहात आणून मानाच्या पाहुण्यासारखी उभी करण्यात आली होती. वेग हा त्या विजयाचा दुय्यम भाग होता. मुख्य भाग होता तो मोडूनही न थांबण्याचा.

या साऱ्या काळात कंपनीची आर्थिक अवस्था मात्र नेहमीच नाजूक राहिली होती. उत्तम माल बनवायचा, पाच वर्षांची हमी द्यायची, आणि भांडवल तुटपुंजे, असा हा व्यवहार. १९२६ साली किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत अमाप संपत्ती मिळवणाऱ्या बार्नी बार्नाटो यांचे चिरंजीव वुल्फ बार्नाटो यांनी भांडवल घालून कंपनीची सूत्रे हाती घेतली. पैसेवाला मालक स्वतःच शर्यतीत उतरतो तेव्हा त्याची गाडी-हाकणी ही हौसेपुरती समजण्याचा प्रघात आहे. बार्नाटोंच्या बाबतीत तो सर्वस्वी चुकीचा ठरतो. १९२८, १९२९ आणि १९३० अशा तीन वर्षी ते ल मानला उतरले आणि तिन्ही वेळा जिंकले. १९२८च्या विजयात अमेरिकन ‘स्टट्झ’ गाडीने त्यांना अखेरपर्यंत झुंजवले होते आणि त्यांच्या साडेचार लिटर गाडीची चासी शेवटच्या फेऱ्यांत तडकलेली होती. १९२९ साली मात्र पहिले चारही क्रमांक बेंटलीचेच आले.

या १९२९च्या विजयाची धुरीण गाडी म्हणजे ‘स्पीड सिक्स’. साडेसहा लिटरचे सहा सिलिंडर, त्यांचा व्यास १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची फेरी १४० मिलिमीटर. पण या इंजिनातील खरी पाहण्यासारखी गोष्ट त्याच्या मागच्या टोकाला आहे. माथ्यावरचा कॅमदांडा फिरवण्यासाठी इतरत्र दातेरी चाके किंवा साखळी वापरीत. बेंटलींनी येथे तीन उभे जोडदांडे बसवले, जे रेल्वे इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांप्रमाणे आलटून पालटून वर-खाली होत राहतात. दातेरी चाकांची घरघर त्यामुळे नाहीशी झाली आणि श्रीमंत ग्राहकाला हवी असलेली शांतता मिळाली. डॉनकॅस्टरच्या उमेदवारीतले शिक्षण वीस वर्षांनंतर असे कामी आले. ज्या गाडीत बाई-माणसांनी नाटकाला जावे, तीच गाडी चोवीस तासांच्या शर्यतीत उतरावी, आणि दोन्ही ठिकाणी तिने लाज राखावी, हे त्या काळी दुसऱ्या कोणत्याही कारखान्याला साधले नव्हते. मार्च १९३० मध्ये बार्नाटोंनी पैज मारली की, दक्षिण फ्रान्समधील कान येथून निघणारी ‘ब्लू ट्रेन’ कॅलेला पोहोचण्याच्या आत आपण आपली ‘स्पीड सिक्स’ घेऊन लंडनमधल्या क्लबात असू. धुके, पाऊस, पेट्रोलसाठी झालेला खोळंबा आणि एक फुटलेला टायर, एवढे सोसून ते आगगाडी कॅलेला पोहोचण्याच्या चार मिनिटे आधी क्लबात हजर झाले. चित्रकारांनी या पैजेच्या चित्रांत जी उतरत्या छपराची देखणी गर्नी नटिंग बनावटीची गाडी रंगवली, ती तेव्हा तयारच झालेली नव्हती, असे नंतरच्या संशोधनाने दाखवले आहे. बार्नाटोंनी त्या रात्री चालवली ती साधी बंदिस्त गाडी होती. रसिकांचा एक वर्ग अजूनही हे सत्य जड मनाने स्वीकारतो.

आता प्रतिस्पर्ध्यांकडे वळू. आल्साक प्रांतातील मोल्सहाइम येथे बसून इटालियन रक्ताचे कलावंत एत्तोरे बुगाती ज्या गाड्या घडवीत, त्या हलक्या, नाजूक आणि अंगुलिनिर्देशाने वळणाऱ्या असत. बेंटली गाड्यांना त्यांनी जगातले सर्वांत वेगवान मालट्रक म्हटले, असे सांगतात. हा शेरा अन्यायाचा म्हणता येणार नाही, परंतु तो अर्धाच आहे. १९३० साली पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये एतांसलँ याच्या बुगातीने पहिला क्रमांक मिळवला हे खरे, पण तिच्यामागे दुसरा क्रमांक आला तो टिम बर्किन याच्या बेंटलीचा, म्हणजे चार माणसे बसतील अशा प्रवासी गाडीचा! आणि ल मानचा चोवीस तासांचा विजय बुगातीच्या पदरी पडला तो १९३७ साली, बेंटलीने ते मैदान सोडल्यानंतर सात वर्षांनी.

खरा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता तो मर्सिडीझ. फर्डिनांड पोर्श यांच्या देखरेखीखाली जन्मलेल्या त्या घराण्यातील ‘एस. एस. के.’ गाडीचे इंजिन सात लिटरांहून मोठे होते, आणि तिचा सुपरचार्जर कायम चालू नसे. चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तो गुंतला जाई, आणि तीक्ष्ण किंकाळीसारखा त्याचा आवाज मैलभर ऐकू जाई. ही शक्ती थोडा वेळच वापरण्यासाठी होती. येथेच दोन विचारसरणींची टक्कर होते. बर्किनचे मत असे होते की साडेचार लिटरच्या बेंटलीलाही सुपरचार्जर जोडावा, डब्ल्यू. ओ. यांचे मत असे की अधिक शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, जबरदस्तीने हवा कोंबून लहान इंजिनाचे शील बिघडवू नये. मालक बार्नाटोंनी बर्किनच्या बाजूने कौल दिला, कुमारी डॉरथी पॅजेट यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी द्रव्य पुरवले, अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी सुपरचार्जर बनवला, आणि शर्यतीच्या नियमांची अट पुरी करण्यासाठी पन्नास गाड्या विक्रीकरिता काढण्यात आल्या. रेडिएटरच्या पुढे, दोन्ही शिंगांच्या मध्ये बसवलेला तो सुपरचार्जर आज ज्याच्या त्याच्या भिंतीवरच्या चित्रात दिसतो.

जून १९३० मधील ल मानची शर्यत हा या वादाचा भर दरबारातला निवाडा होता. मर्सिडीझची एकच गाडी होती, पण ती कारात्सिओला आणि वेर्नर यांच्या हाती. आरंभीच्या फेऱ्यांत बर्किनने मागच्या टायरचे रबर उधळत असताना, दोन चाके रस्त्याकडेच्या गवतात घालून कारात्सिओलाला मागे टाकले; त्या एका क्षणावर ब्लोअरपक्षाचे आजवरचे सारे स्तुतिपाठ उभे आहेत. त्यानंतर बार्नाटो आणि किडस्टन यांच्या ‘स्पीड सिक्स’ने पाठलाग चालू ठेवला, आणि मर्सिडीझला आपला सुपरचार्जर योजनेपेक्षा अधिक वेळा वापरावा लागला. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीझचे दिवे मंद झाले, वीजपुरवठा खचला आणि ती शर्यतीबाहेर गेली. दोन्ही ब्लोअरही अखेरपर्यंत टिकल्या नाहीत. पहिला आणि दुसरा क्रमांक ‘स्पीड सिक्स’ गाड्यांचा. ब्लोअरने मर्सिडीझला दमवण्यासाठीच आत्मबलिदान केले, असे तिचे अभिमानी म्हणतात. हे पूर्वनियोजित होते की बर्किनच्या स्वभावाचा तो परिणाम होता, याविषयी एकमत नाही. मला दुसरेच खरे वाटते. बर्किन शूर होता, त्याच्या शौर्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर एकआसनी ब्लोअरने ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम त्याने केला हेही विसरता येत नाही; पण ब्लोअरने एकही मोठी शर्यत जिंकली नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही कैफियतीने बदलत नाही. तरीही २०१२ साली गुडवुडच्या लिलावात तीच एकआसनी गाडी पंचेचाळीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.

या स्पर्धेत अमेरिकेचाही एक दावेदार होता, आणि त्याची एक शाखा थेट आपल्या होळकरांपर्यंत येते. इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एस. जे.’ गाडी सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्तीची म्हणून जाहीर केलेली होती; युरोपातल्या कोणत्याही प्रवासी गाडीजवळ एवढे बळ नव्हते. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास तिची चासी घेतली आणि तिच्यावर सांगाडा चढवण्याचे काम दिले ते लंडनच्या गर्नी नटिंग यांना, म्हणजे बार्नाटोंच्या त्या सुप्रसिद्ध उतरत्या छपराच्या बेंटलीच्याच निर्मात्यांना. मॅकनील या त्यांच्या आरेखकाने काढलेला तो लांबलचक दोन आसनांचा, नारिंगी आणि काळ्या रंगांचा सांगाडा पाहिला, की अमेरिकन बळ, इंग्रजी कारागिरी आणि मराठी संस्थानिकाची चोखंदळ दृष्टी यांचा असा मेळ पुन्हा जमला नाही, असे वाटल्यावाचून राहत नाही. बेंटलीशी तिची तुलना मात्र मी करणार नाही. ती जशी राजाच्या इच्छेने घडली तशी ल मानच्या रात्रीसाठी घडलेली नव्हती.

क्रिकलवूडचा अंत जलद झाला. १९३०च्या शेवटी बेंटलींनी आठ लिटरची गाडी काढली, जिची नुसती चासी १,८५० पौंडांना होती आणि जी कितीही अवजड सांगाड्यासह ताशी शंभर मैल जाई. रोल्स-रॉइसच्या ‘फँटम’ला ते सरळ आव्हान होते. परंतु जागतिक मंदी सुरू झाली होती, अशा गाड्या एकूण शंभरच निघाल्या, आणि १९३१च्या उन्हाळ्यात तारणावरचे देणे थकल्यावर बार्नाटोंनी आणखी पैसा घालण्याचे नाकारले. रिसीव्हर नेमला गेला. नेपियर कंपनी हा कारखाना घेणार हे सर्वांनी गृहीत धरले होते, डब्ल्यू. ओ. नेपियरसाठी नव्या गाडीचा विचारही करू लागले होते. पण कोर्टात एका अपरिचित ट्रस्टने अधिक रकमेची मोहोरबंद बोली लावली, आणि खरेदीखत झाल्यानंतर कळले की त्या ट्रस्टच्या मागे रोल्स-रॉइस होती. मालमत्तेबरोबर डब्ल्यू. ओ. यांचा करारही नव्या मालकाकडे गेला. ज्याने आपल्या नावाची गाडी घडवली त्याला त्या नावावरचा हक्क गमावून परक्या कारखान्यात नोकरी करावी लागली, ही मोटारींच्या इतिहासातील मला सर्वांत अप्रिय वाटणारी घटना आहे. १९३५ साली ते सुटले आणि लगोंडा कंपनीत गेले. तेथे त्यांनी घडवलेल्या बारा सिलिंडरांच्या गाड्या १९३९ साली ल मानला तिसऱ्या आणि चौथ्या आल्या.

१९३३ पासून डर्बी येथे रोल्स-रॉइसने काढलेल्या बेंटली खऱ्या की खोट्या, हा रसिकांचा आणखी एक वाद. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने आपली मर्यादा १९३०च्या अखेरीस आखली, त्यामुळे डर्बीच्या गाड्या आपोआप रेषेच्या पलीकडे गेल्या. त्या गाड्या शांत, सुबक आणि पुरेशा वेगवान होत्या, आणि स्वतः डब्ल्यू. ओ. यांनी त्यांची वाखाणणी केली होती. मीही त्यांना खोट्या म्हणणार नाही. फक्त त्या वेगळ्या कुळातल्या आहेत.

आणि कूळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढेच आला. १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे ल मान जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही ‘स्पीड सिक्स’ सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा झाला, आणि खरेदीदाराने तक्रार केली की, या गाडीत मूळचे काहीच उरलेले नाही. आक्षेप निराधार नव्हता: शर्यतीच्या वहिवाटीप्रमाणे तिचे भाग वेळोवेळी बदलले गेले होते, १९३२ साली ब्रुकलँड्सला क्लाइव्ह डनफी हा चालक याच गाडीत मृत्युमुखी पडल्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली होती, आणि जुन्या चासीचा व इंजिनाचा बराचसा अंश हरवला होता. न्यायमूर्तींनी दोन्ही बाजूंचे दस्तऐवज आणि जाणकारांच्या साक्षी तपासल्या. गाडीचे अस्तित्व कोणत्याही टप्प्यावर खंडित झालेले नाही, तिच्या इतिहासाची साखळी अतूट आहे, म्हणून हीच ‘ओल्ड नंबर वन’ होय आणि सौदा बंधनकारक आहे, असा निकाल त्यांनी दिला. क्रिकलवूडच्या गाड्या जोडून, बदलून, दुरुस्त करून पुढे चालवण्यासाठीच बनवल्या होत्या. हा निकाल मला सर्वार्थाने योग्य वाटतो.